मध्यमेंदूचा स्विच कुणी बंद केला होता?

"तुमच्या मुलाचा मध्यमेंदू अ‍ॅक्टिव्हेट करून देतो" असं सांगून दोन शनिवार-रविवारांचे हजारो रुपये घेणारे वर्ग २०१० नंतरच्या दशकात आपल्या शहरांत कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले. काही बंद पडले, काहींनी पाट्या बदलल्या. कुणी 'तिसरा डोळा' म्हणायला लागलं, कुणी 'ब्रेन' आणि 'जीनियस' हे दोन शब्द घेऊन त्यांच्या मागे-पुढे काहीतरी जोडलं. माल मात्र तोच. पोराला खास संगीत ऐकवायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची, मग ते पोर पट्टी बांधून पुस्तक वाचतं, रंग ओळखतं, सायकल चालवतं. आई-बाबा टाळ्या वाजवतात, मोबाइलवर व्हिडिओ काढतात आणि फॅमिली ग्रुपवर टाकतात.

ह्यावर चिडून लिहिणारा मी पहिला नाही. मंगळूरचे नरेंद्र नायक, जे स्वतः जीवरसायनशास्त्र शिकवत असत, त्यांनी ह्या मंडळींना जाहीर आव्हानं दिली आहेत. पण माझं भांडण फक्त क्लासवाल्यांशी नाही. ते धंदा करतात, करणारच. माझं भांडण गिऱ्हाइकांशी आहे. कारण गिऱ्हाईक म्हणजे आपण आहोत. खेड्यातला अडाणी माणूस ह्यात पैसे घालत नाही, त्याच्याकडे एवढे पैसेच नसतात. ह्यात पैसे घालतो तो बी.ई., एम.बी.ए., दोघंही कमावते, हायवेलगत टू बीएचके आणि दिवसभर लोकांना 'डेटा दाखवा' म्हणून सतावणारा. आणि त्याहून वाईट म्हणजे हा माल विकायची भाषा त्यांनी आपल्याकडूनच उचलली आहे. पण ते पुढे. आधी मध्यमेंदू म्हणजे काय ते बघू, कारण पैसे भरणाऱ्या एकानेही ते बघितलेलं नसतं.

दहावीला आपण सगळ्यांनी मेंदूची आकृती काढून नावं दिली आणि मार्क मिळताच विसरून गेलो. तर उजळणी. वर सुरकुत्या पडलेल्या अक्रोडासारखा दिसतो तो मोठा मेंदू. मागे खाली लहान मेंदू. आणि ह्या सगळ्याला मज्जारज्जूशी जोडणारा जो देठ आहे, त्याचा सगळ्यात वरचा दोनेक सेंटिमीटरचा तुकडा म्हणजे मध्यमेंदू. तुमच्या अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षाही छोटा. क्लासचं पत्रक म्हणतं की हा 'डाव्या आणि उजव्या मेंदूला जोडणारा पूल' आहे. अजिबात नाही. तो पूल वेगळा आहे, त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात, त्यात वीसेक कोटी तंतू आहेत आणि तो मध्यमेंदूच्या बराच वर असतो. म्हणजे दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकला इंजिन कुठलं आणि गिअरबॉक्स कुठला हेच माहीत नाही, आणि आपण त्याच्या हातात गाडीची चावी देतोय.

बरं, मध्यमेंदू करतो काय? एवढ्याशा तुकड्यात चिक्कार काही आहे. त्याच्या पाठीवर चार छोटे उंचवटे आहेत. वरचे दोन नजरेचे. रस्ता ओलांडताना डोळ्याच्या कोपऱ्यात रिक्षा हलली की तुम्ही विचार करायच्या आत मान तिकडे वळते, ते ह्यांचं काम. खालचे दोन आवाजाचे. मागून हॉर्न वाजला की तो कुठून आला हे ठरवण्याच्या साखळीतले ते एक ठाणं. डोळा हलवणाऱ्या दोन नसा इथून निघतात. 'काळा भाग' असा अर्थ असलेलं लॅटिन नाव मिळालेला सबस्टँशिया नायग्रा इथेच आहे. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात. त्या मरायला लागल्या की पार्किन्सन्स होतो, ज्याचं पहिलं नीट वर्णन जेम्स पार्किन्सन ह्या डॉक्टराने १८१७ साली केलं. हाताचा कंप दिसेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. आणि ह्या सगळ्यातून जाळ्यासारखं पसरलेलं एक पेशींचं जंगल आहे, जे मेंदूला जागं ठेवतं. मोरुझी आणि मॅगून ह्या दोघांनी १९४९ साली मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की ह्या जाळ्याला विजेचा हलका झटका दिला की झोपाळू मेंदूच्या लहरी जागेपणाच्या होतात. मध्यमेंदूतलं हे जाळं नीटच जखमी झालं तर माणूस कोमात जातो.

आता सांगा, तुमचं पोर सकाळी उठून "मला शाळेत नाही जायचं" म्हणून भोकाड पसरतंय, तेव्हा त्याचा मध्यमेंदू चालू आहे की बंद? बंद असता तर भोकाड पसरायला पोर जागंच नसतं. अपघात विभागातला डॉक्टर बेशुद्ध पेशंटच्या डोळ्यात टॉर्च मारून बाहुली आकसते का बघतो, तो नेमका मध्यमेंदूच तपासत असतो, कारण ही प्रतिक्षिप्त क्रिया मध्यमेंदूतून जाते. म्हणजे मध्यमेंदू 'अ‍ॅक्टिव्ह' आहे का हे बघायचं यंत्र तुमच्या घरी आहे. मोबाइलचा टॉर्च. बाथरूमच्या आरशासमोर उभे राहा, मंद उजेडात, दिवा लावा आणि बाहुली बघा. आकसली? अभिनंदन, तुमचा मध्यमेंदू जन्मापासून अ‍ॅक्टिव्हेटेड आहे. माझी फी नंतर पाठवा. :)

आता तो पट्टीचा प्रकार. पट्टी बांधून दिसतं म्हणजे नक्की काय होतं असा ह्यांचा दावा आहे? दिसण्याचा रस्ता आपल्याला माहीत आहे. प्रकाश बुबुळातून आत पडद्यावर पडतो. तिथल्या पेशी त्याचं रूपांतर संकेतांत करतात. प्रत्येक डोळ्यामागून दहा लाखांहून जास्त तंतूंची एक जुडी निघते. दोन्ही जुड्या मध्ये एकमेकींना छेदतात, अर्धे तंतू बाजू बदलतात, मग थॅलॅमसमध्ये थांबा आणि तिथून डोक्याच्या पार मागच्या भागात, जिथे 'दिसणं' सुरू होतं. हे खरं की काही तंतू मध्येच फुटून मध्यमेंदूच्या त्या वरच्या उंचवट्यांकडे जातात. क्लासवाल्यांपैकी जो थोडा वाचलेला असतो तो इथे खूश होतो आणि तुम्हाला 'ब्लाइंडसाइट'ची गोष्ट सांगतो. ही गोष्ट खरी आहे. लॉरेन्स वाइस्क्रांट्झ ह्या शास्त्रज्ञाने १९७४ साली आणि पुढेही अशा माणसांचा अभ्यास केला, ज्यांचा डोक्यामागचा दृष्टीचा भाग निकामी झाला होता. त्यांना विचारलं तर ते म्हणत, मला त्या बाजूचं काही दिसत नाही. पण अंदाजाने बोट दाखवायला सांगितलं तर योगायोगाने लागतील त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर दाखवत. त्यात मध्यमेंदूच्या वाटेचा हात आहे असं मानलं जातं. पण मंडळी, त्या माणसांचे डोळे उघडे होते! प्रकाश आत जात होता! डोळ्यात उजेड गेलाच नाही तर मध्यमेंदू काय, खुद्द आइन्स्टाइनचा मेंदू आणून बसवला तरी त्याच्यापर्यंत पोचणार काय? इनपुटच नाही तर आउटपुट कुठून येणार?

मग पोरांना दिसतं कसं? नाकाशेजारून. नाक हा उंचवटा आहे आणि पट्टी सपाट आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना खाली फट राहते. ही काही नवी विद्या नाही. फ्रान्समध्ये जूल रोमँ ह्या लेखकाने १९२० साली 'कातडीने दिसतं' असा दावा करणारं पुस्तकच लिहिलं होतं. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात बोटांनी वाचणारी एक बाई गाजली. मार्टिन गार्डनर, म्हणजे आपल्यापैकी अनेकांना गणिती कोड्यांमुळे माहीत असलेले, त्यांनी १९६६ साली 'सायन्स' मासिकात ह्यावर लेख लिहिला. त्याचं तात्पर्य एवढंच की ही नाकावरून खाली डोकावण्याची जादूगारांची जुनी युक्ती आहे. तुम्हाला पडताळायचं असेल तर तीन गोष्टी करा. कार्ड पोटाजवळ न धरता कपाळाच्या उंचीवर धरायला सांगा. कार्ड बंद पाकिटात घाला. किंवा खोलीतला दिवा बंद करा. तिन्हीपैकी काहीही केलं की 'आज कॉन्सन्ट्रेशन होत नाहीये' हे वाक्य ऐकायला मिळेल.

आणि सगळ्यात साधा प्रश्न. डोळ्यांशिवाय दोन वीकेंडांत बघायला शिकवता येत असेल, तर हे वर्ग अंधशाळेत का भरत नाहीत? मॉलशेजारच्या हॉलमध्ये, डोळे धडधाकट असलेल्या आणि आई-बाबांचे खिसे भरलेल्या मुलांसाठीच का भरतात? ह्याच देशात खरंच आंधळ्या मुलांना दृष्टी देण्याचं काम झालेलं आहे. एम.आय.टी.चे पवन सिन्हा ह्यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया होतात. २०११ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो. शस्त्रक्रियेनंतर ह्या मुलांना वस्तू दिसत होती, पण आत्ताच हाताने चाचपलेली वस्तू हीच, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. स्पर्शाचं आणि नजरेचं नातं मेंदूला जोडावं लागलं, आणि त्याला काही दिवस लागले. लक्षात घ्या, खरा उजेड, खरे डोळे, खरी शस्त्रक्रिया, तरी मेंदूला शिकावं लागलं. आणि इकडे आपला क्लासवाला डोळे बांधून, संगीत लावून, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत सर्टिफिकेट देतो.

इथवर विज्ञान झालं. आता जे मला खरं खटकतं ते.

माझ्या ओळखीच्या एका घरी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) पोहे खाऊन झाल्यावर नऊ वर्षांच्या मुलाचा असा 'डेमो' झाला. त्याने पट्टी बांधून पेपरची हेडलाइन वाचली. बाबांचा चेहरा नुसता उजळला होता. मी म्हटलं, पेपर जरा वर धर की रे. वर धरल्यावर जमेना. बाबा म्हणाले, दमलाय तो. नंतर गॅलरीत तो पोरगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, खालून थोडं दिसतं. पण बाबांना नका सांगू. त्यांनी खूप पैसे भरलेत."

हे वाक्य नीट वाचा. नऊ वर्षांचं पोर आपल्या बापाची लाज झाकतंय. पहिल्या दिवशी त्याला फटीतून दिसलं असणार, त्याने ते सांगायचा प्रयत्नही केला असेल. पण हॉलमध्ये सगळी पोरं 'दिसतंय, दिसतंय' म्हणत होती, सर शाबासकी देत होते आणि बाहेर बाबा व्हिडिओ काढायला उभे होते. त्या दोन वीकेंडांत त्याच्या मेंदूत खरंच काहीतरी शिकलं गेलं. ते हे, की मोठ्यांना खरं नको असतं, त्यांना खूश करणारं हवं असतं. ह्यासाठी आपण पैसे मोजले. फुकटात शाळेतही शिकला असता.

मी त्याचं नाव न घेता त्याच्या बाबांना एवढंच म्हटलं की एकदा दिवा बंद करून बघ. त्यावर उत्तर आलं, "अरे, पण कॉन्फिडन्स तर वाढला ना!" हा युक्तिवाद मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की त्याला उत्तर देणं भाग आहे. कॉन्फिडन्स कशाचा वाढला? खोटं पचतं ह्याचा? पोहता न येणाऱ्याचा कॉन्फिडन्स वाढवून त्याला विहिरीत ढकलण्यात शहाणपणा काय? जे जमतं त्यातून आलेला आत्मविश्वास टिकतो. जे जमल्याचं नाटक करावं लागतं त्यातून येते ती पकडलं जाण्याची भीती.

आता आपल्या धंद्याकडे येऊ. शिकलेली माणसं ह्यात का फसतात? माझं मत असं की आपण मेंदूबद्दल जी भाषा वापरतो तिनेच दार उघडं ठेवलंय. 'माझी रॅम फुल झालीय.' 'त्याचा प्रोसेसर स्लो आहे.' 'लहानपणीचं प्रोग्रॅमिंग आहे रे ते.' दिवसभर आपण असं बोलतो. मग कुणी येऊन म्हणालं की तुमच्या मुलाच्या मेंदूत एक फीचर आहे, फॅक्टरीतून बंद आलंय, आम्ही ते 'अ‍ॅक्टिव्हेट' करून देतो, तर आपल्याला ते चक्क पटतं! कारण सॉफ्टवेअरमध्ये तसंच असतं. लायसन्स की टाकली की प्रो व्हर्जन चालू. 'माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो' हे वाक्यही म्हणूनच आपल्याला लगेच पटतं. टास्क मॅनेजर उघडला की सीपीयू दहा टक्के दिसतोच की.

पण मेंदूला त्या-त्या काळच्या सगळ्यात भारी यंत्राची उपमा द्यायची खोड जुनी आहे. सतराव्या शतकात देकार्तने राजाच्या बागेतली पाण्याच्या दाबावर हलणारी यंत्रं बघितली आणि नसांमधून द्रव वाहतो असं मांडलं. एकोणिसाव्या शतकात तारायंत्र आलं, मग नसा म्हणजे तारा झाल्या. पुढे टेलिफोन एक्स्चेंज आलं. जॉन फॉन नॉयमनचं संगणक आणि मेंदू ह्यांच्यावरचं छोटं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १९५८ साली आलं. गंमत म्हणजे त्याने त्यात साम्याबरोबर फरकही स्पष्ट मांडले होते. ते फरक आपण सोडून दिले आणि साम्य तेवढं उचललं.

फरक किती आहेत बघा. हेल्महोल्ट्झने १८५० साली बेडकाच्या नसेतला संकेताचा वेग मोजला. तो आला सेकंदाला सत्तावीसेक मीटर, म्हणजे एक्स्प्रेसवेवरच्या गाडीइतका. माणसाच्या सगळ्यात वेगवान नसा सेकंदाला १२० मीटरच्या आसपास जातात, आणि ठसठशीचं दुखणं वाहून नेणाऱ्या बिनआवरणाच्या नसा तर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. म्हणून दाराला पायाची करंगळी आपटली की आधी 'आपटली' हे कळतं आणि क्षणभराने खरी कळ येते. असल्या मंद तारांचा संगणक कुणी विकत घेणार नाही. तरी सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी वीसेक वॉटवर, म्हणजे घरातल्या एलईडी ट्यूबइतक्या विजेवर, हे सगळं चालवतात. ह्यातल्या सुमारे ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत आहेत आणि ज्याचं आपण एवढं कौतुक करतो त्या मोठ्या मेंदूच्या सालीत फक्त १,६०० कोटींच्या आसपास. आणि मुख्य फरक असा की इथे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर वेगळं नाहीच. तुम्ही काही शिकता तेव्हा पेशी-पेशींमधले जोड बदलतात. शिकणं म्हणजे तो बदलच. त्यामुळे 'इन्स्टॉल' हा प्रकार होऊ शकत नाही. वाढ होते, आणि वाढीला वेळ लागतो.

दहा टक्क्यांचं वाक्य कुठून आलं तेही सांगतो. डेल कार्नेगीच्या १९३६ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या प्रस्तावनेत लॉवेल थॉमस ह्या पत्रकाराने ते विल्यम जेम्सच्या नावावर खपवलं. २०१४ साली 'ल्यूसी' सिनेमाने त्यावर गल्लाही भरला. खरं असं की मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के असून विश्रांतीतली वीस टक्के ऊर्जा खातो. पाचेक वर्षांच्या मुलात तर हा वाटा निम्म्याच्याही वर जातो. नव्वद टक्के रिकामं पडलेलं ऑफिस कुणी एवढं भाडं भरून चालवेल का? आणि 'तुमचं मूल लेफ्ट ब्रेन की राइट ब्रेन' हा रिपोर्ट? दोन्ही अर्धांमध्ये काही कामं वाटलेली आहेत हे रॉजर स्पेरीने दाखवलं, त्यासाठी त्याला १९८१ सालचं नोबेल मिळालं. पण माणसं डावी-उजवी नसतात. यूटा विद्यापीठाने २०१३ साली हजाराहून जास्त लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले, तेव्हा एका बाजूचं वर्चस्व असलेली माणसं अशी काही जात सापडली नाही.

इथे कुणीतरी 'न्यूरोप्लॅस्टिसिटी'चा पत्ता टाकणार. टाका. तो पत्ता माझ्या बाजूचा आहे. लंडनच्या टॅक्सी ड्रायव्हरना परवान्यासाठी शहराच्या मध्यातले पंचवीसेक हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलेनॉर मॅग्वायर ह्यांनी २००० साली दाखवलं की त्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मग २०११ साली त्यांच्या गटाने ७९ शिकाऊ ड्रायव्हरांचा सुरुवातीपासून माग काढला. परीक्षा पास झालेल्या ३९ जणांच्या मेंदूत ती वाढ दिसली, नापास झालेल्यांच्या नाही. म्हणजे मेंदू बदलतो, मोठेपणीही बदलतो. पण त्याला लागली तीन-चार वर्षं, पावसात मोपेडवर नकाशा घेऊन फिरत. आणि ते ड्रायव्हर उत्तम रस्ते शोधायला लागले. 'ओव्हरऑल जीनियस' झाले नाहीत. ज्याचा सराव, त्याची वाढ. ही बातमी खरं तर केवढी मोठी आहे! पण ती कुणाला विकता येत नाही, कारण तिच्यात कष्ट आहेत. शॉर्टकट विकता येतो.

"तुझं काय जातंय? ज्याचे पैसे तो खर्च करेल." हाही युक्तिवाद ऐकलाय. माझे पैसे जात नाहीत हे खरं. पण जाताना मुलांच्या काय काय गोष्टी राहून जातात ते बघा. वर्गात फळ्यावरचं नीट न दिसणाऱ्या मुलाला 'एकाग्रता नाही' म्हणून ह्या क्लासला घातलं तर? कधी कधी लहानपणी एक डोळा नीट काम करत नसतो आणि मेंदू त्याचे संकेत दुर्लक्षित करायला लागतो, त्याला आळशी डोळा म्हणतात. ह्यूबेल आणि वीझेल ह्यांना नोबेल मिळालं त्या कामात हेच होतं, की मांजराच्या पिल्लाचा एक डोळा ठरावीक वयात बंद ठेवला तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो. ह्यावर उपाय आहे, आणि नशिबाची थट्टा बघा, त्यातही पट्टीच बांधतात! चांगल्या डोळ्यावर, रोज काही तास, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावं लागतं. पण हा उपाय लहान वयात सगळ्यात चांगला चालतो. डोळ्यांवरची एकच पट्टी ज्यात खरंच मेंदू घडवते ती नेत्रतज्ज्ञाकडे मिळते, आणि तिची वेळ आपण दुसऱ्या पट्टीमागे घालवू शकतो.

आणि त्या क्लासच्या दारातलं दृश्य. बाबा स्कूटरवर, पोर पुढे उभं, दोघांच्याही डोक्यावर काही नाही. हेल्मेट म्हटलं की आपल्या पुण्याला स्वातंत्र्यलढा आठवतो. अहो, ज्या दीड किलोहूनही कमी वजनाच्या मऊ गोळ्यासाठी तुम्ही हजारो रुपये भरून आलात, तो एका कवटीच्या भरवशावर खड्ड्यांतून नेताय! २००८ सालच्या कॉक्रेन आढाव्यानुसार हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट सक्तीचं केलंय. मेंदूच्या कुठल्याही क्लासने असा आकडा दाखवावा.

स्वयंपाकघरातही एक उदाहरण आहे. आयोडिनची कमतरता हे बौद्धिक अपंगत्वाचं जगातलं टाळता येण्याजोगं प्रमुख कारण आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे. म्हणून आपल्या देशात २००६ पासून खाण्याचं मीठ आयोडिनयुक्तच विकायचा नियम पुन्हा लागू झाला. गरोदर बाईच्या आणि लहान मुलाच्या मेंदूसाठी एवढ्या स्वस्तात एवढं मोठं काम करणारं दुसरं काही मला माहीत नाही. आणि आपण काय करतो? 'नॅचरल' म्हणून दहापट किमतीचं गुलाबी सैंधव आणतो, ज्यात बहुधा आयोडिन घातलेलंच नसतं. मध्यमेंदूचा क्लास आणि गुलाबी मीठ एकाच घरात सापडतात, हा माझा शास्त्रीय नसलेला निष्कर्ष. :)

तेव्हा पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर असं पत्रक आलं तर 'वॉव, इंटरेस्टिंग' लिहून सोडून देऊ नका. तीन प्रश्न टाका. मध्यमेंदू बंद असतो तर मूल जागं कसं राहतं? दिवा बंद करून दाखवाल का? अंधशाळेत पहिली बॅच कधी? उत्तर येणार नाही, तुम्हाला 'निगेटिव्ह' म्हणतील, कदाचित ग्रुपमधून काढतीलही. चालेल. ज्या घरांनी अजून पैसे भरलेले नाहीत ती घरं तुमचे प्रश्न वाचतील. आणि ज्यांनी भरलेत त्यांनी आज मुलाला जवळ घ्यावं आणि म्हणावं, "तुला खालून दिसत असेल तर सांग, मी रागावणार नाही, पैशांचं जाऊ दे." त्यानंतर तो जे बोलेल ते ऐकून घेणं आपल्याला जमलं, तर त्या मुलाचं त्यात दोन वीकेंडांच्या क्लासपेक्षा कितीतरी जास्त भलं होईल. मग त्याला नऊ-दहा तास झोपू द्या आणि सकाळी मैदानावर सोडा. बाकीचं अ‍ॅक्टिव्हेशन तो स्वतः करेल.